सत्तावीस बदाम

अहो, पण वायरीचा काय दोष? तेरा वर्षं, तुम्हाला सांगतो, तेरा वर्षं मी त्या वायरीला शिव्या घालत आलो, आणि काल... थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल या ज्ञानेशला वेड लागलं. लागलंच आहे!

शहाण्णव साल. रविवार कारंजाजवळ माझा कॉम्प्युटर टायपिंगचा क्लास, जोडीला कॉम्प्युटर-पत्रिका. सगळं सेकंडहँड! पत्रिकेचं पडद्यावर काही दिसायचं नाही, निकाल थेट प्रिंटरवर. तर निफाडची साधना, माझीच विद्यार्थिनी, तिचंच स्थळ मला सांगून आलं! मी तर मनातल्या मनात मुंडावळ्या बांधून बसलेलो हो, पण तिचे वडील, गोटीरामभाऊ! "गुरुजी काय, मानूस हाय, चुकंल. मशीन खोटं बोलत नाय. मास्तर, छत्तीसात अठरा गुन जुळले तर सोयरीक, नाय तर राम राम!" आणि तेही माझ्याच मशीनवर!

सगळी मंडळी क्लासवर आली, चहा झाला, बटण दाबलं, प्रिंटर करकरला, आणि कागदावर... काय सांगू! तुटके काने, मोडक्या मात्रा, आकडे, किलवर, बदाम! अक्षरांची नुसती भेळ! म्हटलं, वायर! उपसली, फुंकर मारली, खोचली. बदाम! स्क्रू आवळले. बदाम! शेजारच्या दुकानातून दुसरी वायर आणली, तरी बदाम! तेव्हा तरी कळायला नको, की वायरीचा काय दोष? नाही कळलं!

गोटीरामभाऊ टोपी घालून उठले. "चला, मशीन नाय म्हनतंय." एवढ्यात साधना आपल्या आत्याला, चिमणाबाईंना, हळूच म्हणते, "आत्या, ते बदाम मोज ना." आणि चिमणाबाई बोटाला थुंकी लावून चक्क मोजायला लागल्या! "...पंचवीस, सव्वीस, सत्तावीस! अगं बया! दादा, सत्तावीस गुन! लय भारी जुळतंय!" भाऊंनी कागद हातभर लांब धरला. "मशीनच्या भाषेत हाय व्हय? मग बरोबर." साखर वाटली! मी तोंड उघडलं? छे! मला लग्न पाहिजे होतं हो!

पण तेव्हापासून जिवाला घोर. खरे गुण किती असतील? घरात भांडण झालं, की घाल त्या वायरीला शिवी!

काल प्रिंटर भंगारात काढला, आणि राहवेना म्हणून कबूल करून टाकलं. "साधना, त्या दिवशी वायर खराब होती गं." ती कांदा चिरता चिरता, मान वर न करता म्हणते, "वायर चांगली होती. तुम्ही चहा ओतत होतात ना, तेव्हा प्रिंटरच्या मागचे बारके खटके मीच हलवले. कॉम्प्युटर बोलतो भरभर, प्रिंटर ऐकतो सावकाश, वेग जुळला नाही की भेळ होते. तुम्हीच शिकवलंत की, सर."

सर! मी म्हटलं, "अगं, पण का?"

"निफाडच्या गुरुजींना मी आधीच गुपचूप विचारलं होतं. नऊच जुळत होते."

नऊ! छत्तीसात नऊ! "आणि तरीही तू...?"

"तरीही काय? नऊ गुण आणि सत्तावीस बदाम. झाले की छत्तीस!"

आता बोला! मला घाम फुटलाय, आणि ही फोडणी देतेय! प्रिंटर गेला भंगारात, वायर मात्र ठेवून घेतली. वायरीचा काय दोष? काहीच नाही हो... पण भांडण झालं की घरात शिवी घालायला कुणीतरी लागतंच ना!