बाईंनी वाचून न दाखवलेला कागद

मंडळी, एवढ्या उन्हात आपण सारे शाळेच्या पटांगणात जमलात. मला माईकवर बोलायची सवय नाही. दुकानात बोलते तेवढंच. त्यात आज बाईंबद्दल बोलायचं आहे, शब्द अडखळले तर सांभाळून घ्या.

शकुंतलाबाईंनी नवेगाव बांधच्या या शाळेत आपल्याला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, सांगितलं काहीच नाही. काही विचारलं की एकच उत्तर, "तूच वाचून पाय." शब्द अडला की शब्दकोशाकडे बोट. आपण पाठीमागे म्हणायचो, मंग बाईले पगार कायचा भेटते? म्हणायचो की नाही?

मी पाचवीत होते. बाबांनी धानाच्या पऱ्ह्यातलं गवत मारायला औषध आणलं. त्यांना वाचता येत नव्हतं. सोबतचा मराठी कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, बाईकडून वाचून आण. मी बाईंच्या घरी गेले. त्यांनी कागदाला हातही लावला नाही.

बसले ओसरीवर. एकेक ओळ वाचली आणि एका ओळीशी अडले, 'रोपवाटिकेत वापरू नये.' रोपवाटिका म्हणजे काय? आपण तर पऱ्हे म्हणतो. शब्दकोशाची पानं उलटली. रोपं तयार करायची जागा! मी पळत सुटले.

फवारणीचा पंप मागून आणलेला, संध्याकाळी परत द्यायचा. बाबांनी वाट न पाहता सुरुवात केली होती. मी बांधावरूनच ओरडले, थांबा. बाबा थांबले. अर्धे पऱ्हे फवारून झाले होते. आठ दिवसांत ते पिवळे पडले.

मंडळी, मला बाईंचा फार राग आला. एक ओळ सांगितली असती तर काय बिघडलं असतं? पऱ्हे जळाल्याचं बाईंना कळलं तशा त्या घरी आल्या. बाबांसमोर, माझ्यासमोर म्हणाल्या, "चूक माही झाली. घाई हाय का, ते मी इचारलंच नाही." त्यानंतर त्या आधी घाईचं विचारायच्या. घाई असली तर लगेच सांगायच्या. नसली तर पुन्हा शब्दकोश.

आज माझं कृषी केंद्र आहे. नवं औषध आलं की कागद मीच वाचते, अडलं तर शोधते. गिऱ्हाइकाच्या लेकरांनाही वाचायला लावते. लोक खडूस म्हणतात. म्हणू द्या.

पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. इतकी वर्षं मी बाईंना जळालेलेच पऱ्हे ऐकवत आले. हसत हसत, पण टोमणाच तो. आमच्या घरात त्याआधी कोणी कागद वाचून कोणाला थांबा म्हटलं नव्हतं. बाबा माझ्या, दहा वर्षांच्या पोरीच्या शब्दावर थांबले. उरलेले अर्धे पऱ्हे वाचले, ते मी तो कागद वाचला म्हणून. हे मी बाईंना एकदाही सांगितलं नाही.

बाई, आज सांगते आहे. उशीर झाला.

चला, बाईंना श्रद्धांजली म्हणून उभे राहू या. थोडा वेळ कोणीच काही बोलू नका.