दोन चमचे औषध

रेवती : ...आणि ‘गेले चौदा महिने मी कशालाही शिवलो नाही.’ झालं, हेही इंग्रजीत केलं. पुढे सांग, दादा. माझी आभा झोपेतून उठायच्या आत संपवू.

हृषीकेश : खोड ते.

रेवती : का? प्रकाशकांना सोमवारी तुझ्या आत्मचरित्राचं शेवटचं प्रकरण हवंय.

हृषीकेश : खोटं आहे, रेवा.

रेवती : मज़ाक मत कर.

हृषीकेश : नऊ दिवस झाले.

रेवती : कुठून आणलंस? फोन माझ्याकडे, पाकीट माझ्याकडे. मुंबईहून झाशीला आणलं तेव्हापासून एकटा सीपरी बाजारातसुद्धा गेला नाहीस. कोणी दिलं?

हृषीकेश : आईने.

रेवती : तोंड सांभाळ!

हृषीकेश : खोकला झाला होता ना मला? तिने औषध आणलं. दोन चमचे पाजले, वर पदराने तोंड पुसलं. जिभेला लागताच कळलं मला, त्यात अफूचा अंश आहे ते.

रेवती : मग थुंकला का नाहीस? नको म्हणायचं होतं!

हृषीकेश : काय सांगून? सगळ्यांना सांगितलंयस, मला कावीळ झाली होती म्हणून. काविळीतून उठलेल्या माणसाला खोकल्याचं औषध का चालत नाही, सांग.

रेवती : तिला धक्का बसला असता, दादा. तुला इथे आणलं तेव्हा बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. ...किती घेतोस?

हृषीकेश : आता रोज एक बाटली. खोकला तर कधीच गेला. ती पोथी घेऊन बसली की मी मुद्दाम खोकतो. ती पोथी मिटून धावत येते, छाती चोळते, नवी बाटली उशाशी ठेवून जाते. मी गायला लागलो की पंधरा हजार लोक समोर नाचायचे माझ्या, पण असा अभिनय मी कुठल्याच स्टेजवर केला नाही.

रेवती : काल आभाला मांडीवर घेऊन बसला होतास.

हृषीकेश : हो.

रेवती : बाटली पिऊन?

हृषीकेश : हो. लिही ना हे. हेच शेवटचं प्रकरण कर.

रेवती : पुस्तकाला काय सांगतोस? तिला सांग.

हृषीकेश : तू सांग. तुला जमतं.

रेवती : मी एकदा सांगितलं, त्याचंच हे फळ. आता तू.

(अनुसूयाबाई चप्पल काढत आत येतात. हातात कागदी पुडकं.)

अनुसूया : कुजबुज कसली चाललीय? पोर उठेल. हृषी, घे रे बाळा. दुकानातले भैयाजी म्हणाले, अम्माजी, अब डॉक्टर का पर्चा लाना पड़ेगा. मी म्हटलं, एक तो दे दो भैया, लड़का खाँस-खाँसकर अधमरा हो गया.

हृषीकेश : आई, देऊ नकोस ती बाटली.

अनुसूया : कडू लागते? मध घालते की.

हृषीकेश : मला खोकला नाहीये. कावीळही नव्हती. मी नशा करायचो, आई. सुया टोचून घ्यायचो. दोनदा मरता मरता वाचलो. या बाटलीतही तेच आहे.

अनुसूया : रेवती, काय बोलतोय हा?

रेवती : खरं बोलतोय. कावीळ मी सांगितली होती, आई.

हृषीकेश : आई, ती रेवाला दे. लवकर. मी मागेन, पाया पडेन, तरी देऊ नकोस.

अनुसूया : ...मला वाटलं, गुण येतोय. औषध पोटात गेलं की तू गुणगुणायचास रे. म्हणून तर मी धावत जाऊन आणत होते.