बेलग्रेड ते ऑकलंड, वीस तास म्हणे!

वीस तास म्हणे! कोणी मोजले हो हे वीस तास? मोजणारा कधी विमानतळाच्या बाकड्यावर लवंडलाय का? तुम्हाला सांगतो, आमच्या देसांकानं मोबाइलवर दोन नावं टाकली, इकडं बेलग्रेड, तिकडं ऑकलंड, आणि म्हणाली, "रादिसाव, अरे साडेसतरा हजार किलोमीटर, वीस तास फक्त. तुला दाढी करून निघायलाच तेवढे लागतात!"

बायको आहे, ऐकलं! आणि यंदा हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. आमच्या कुळाचा संत निकोला, त्याचा सण एकोणीस डिसेंबरला. पोरानं, नेबोयशानं, तिकडं स्वतःचं घर केलं. आता हा सण बापानं जाऊन त्याच्या हाती सोपवायचा, आयुष्यात एकदाच! मेणबत्ती घेतली, साखर-अक्रोड घालून शिजवलेला गहू डब्यात भरला आणि अठराला पहाटे लेस्कोवात्सच्या घरून निघालो. पहाट अधिक वीस तास... एकोणीसला हजर! तिकिटावरची तारीख? ती कोण बघतो हो?

पण त्या वीस तासांत दोन विमानतळांवरचं ताटकळणं धरलंच नव्हतं! आणि घड्याळ? पूर्वेला जाल तसं ते पुढं पळतं, बारा तास! वीस तास म्हणे! हवेत असताना शेजारच्या बाईंना तारीख विचारली. "एकोणीस." "आणि उतरू तेव्हा?" "वीस." अहो, संताचा दिवस माझ्या बुडाखालून निघून चाललाय आणि मी पट्टा बांधून बसलेला?

बसलेला! सणाच्या दिवशी यजमान बसतो का कधी? आमचे वडील मोडक्या पायानं दिवसभर उभे राहिले होते, पाहुण्यांसमोर! मी उठलो, डबा उघडला, चमचा घेतला आणि रांगेरांगेनं निघालो, "घ्या, घ्या, संत निकोलाचा आहे, नाही म्हणायचं नाही!" हवाईसुंदरी धावत आली. "काका, बसा!" "नाही बसणार!" "काका, विमान हलतंय!" "हलू दे, आमचा संत दर्यावर्द्यांचाच आहे, त्याला सवय आहे!" तिलाही चमचाभर दिला. छान झालाय म्हणाली... पण बसवलंच मेलीनं! मी उठतोय, ती बसवतेय, मी उठतोय... वीस तास म्हणे!

ऑकलंडला उतरलो तर डबा रिकामा, तारीख वीस आणि समोर नेबोयशा. मला रडूच कोसळलं. "तुझा सण माझ्या हातून गेला रे!" तर म्हणतो, "कुठं गेला, बाबा? लेस्कोवात्सला आपल्या घरी अजून एकोणीसच आहे की!" घरी नेलं, मेणबत्ती लावली, देसांका फोनवर मुसमुसतेय. पोरगं टेबलाशी ताठ उभं राहिलं. मीही सवयीनं शेजारी उभा. तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो कसा, "बाबा, यजमान आता मी. तुम्ही बसा."

घ्या! अर्धी पृथ्वी बसून बसून ओलांडली... ती कशासाठी? तर बसायला! बसलो. काय करता?