सात गाठोड्यांची बेरीज

...शून्य! तुम्हाला सांगतो, सकाळपासून एका बोटानं टकटक करून सात वॉर्डांचे आकडे कॉम्प्युटरात घातले, खाली बेरीज मागितली, आणि त्या दिवट्यानं उत्तर काय द्यावं? शून्य! अहो, समोर दवाखान्याच्या मळक्या चादरींचा डोंगर, वासानं माशीला भोवळ यावी, आणि हा म्हणतो काहीच नाही! बेरीज मला येते हो! सव्वीस वर्षं या लाँड्रीत चादरी मोजतोय, कधी कागद लागला नाही!

पण नवे साहेब आले ना. मान तिरकी करून म्हणतात, "काका, महिनाअखेरीपर्यंत सगळं तक्त्यात हवं. नाही जमलं तर इस्त्रीवर जा." इस्त्रीवर! दिवसभर उभं राहायचं त्या भट्टीत, या गुडघ्यांनी? मग मीही बोलून गेलो, "साहेब, माझ्या मोजणीत एका चादरीची चूक दाखवा, आपणहून इस्त्रीवर जातो!" जिभेला काय हाड असतं थोडंच...

मग भाचीला बोलावलं. वरच कचेरीत असते ती. आली, बघितलं, कपाळावर हात मारला. "अहो मामा, प्रत्येक चौकटीत 'बेचाळीस चादरी', 'पन्नास चादरी' असं काय लिहिलंय?"

"मग काय लिहू? बेचाळीस हत्ती?"

"नुसता आकडा लिहायचा! अक्षर दिसलं की तो त्याला आकडा धरतच नाही."

घ्या! आमच्या मास्तरांनी छड्या मारमारून शिकवलं, गाढवा, बेचाळीस काय? बेचाळीस कोण? आकड्यापुढे वस्तू पाहिजे! हातावरचे वळ गेले, सवय गेली नाही. बरं, खोडल्या चादरी. तर म्हणते, आता खालच्या चौकटीत आधी बरोबरचं चिन्ह द्या. आधी? अगं, गणित मांडलंच नाही, तर बरोबर कसलं? पण दिलं. मग ते सम का काय, मग कंस, वरून खालपर्यंत आकडे ओढले, बटण दाबलं... आली की हो! तीनशे बारा! मी म्हटलं, एवढ्यासाठी एवढं? बेरीज मला येते हो!

तिनं आणखी दोन रांगा करून दिल्या. वॉर्डातून निघाल्या किती, माझ्याकडे पोचल्या किती, फरक किती. मी मनात म्हटलं, आता सापडल्या सात नंबर वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर! अकरा वर्षं भांडतोय त्या बाईशी. चिठ्ठीवर बेचाळीस, मी मोजतो एक्केचाळीस. रोज! "काका, नीट मोजा." "सिस्टर, नीट पाठवा." रोज!

साहेबांना दाखवला तक्ता. त्यांनी सिस्टरला बोलावलं. "रोज एक चादर गायब होते तुमच्या वॉर्डातून. लेखी खुलासा द्या." बाईंचा चेहरा पडला हो. मी मात्र ताठ. सिस्टर म्हणाल्या, "एकट्या माझ्याच वॉर्डातून? बघू."

बघितलं. फरकाच्या रांगेत एक. खाली एक. त्याच्याखाली एक. सातही वॉर्डांपुढे एकेक, आणि तळाला बेरीज सात. मी इतकी वर्षं प्रत्येक वॉर्डाशी वेगळा भांडलो, सगळी भांडणं एकाखाली एक मांडून कधी बघितलीच नव्हती! तरी ओरडलो, "बघा साहेब! अख्खा दवाखाना चोर!"

सिस्टरनी दारातलं आपल्या वॉर्डाचं गाठोडं उचललं, टेबलावर आदळलं. "मोजा."

मोजलं. नेहमीसारखी गाठ सोडली, वरची बाजूला सारली, आतल्या मोजल्या. "एक्केचाळीस! पटलं?"

"आणि ती?"

"ती कुठली?"

"तुमच्या पायाखालची."

"ती? छे हो, ते तर गाठोडं..."

तुम्हाला सांगतो, पाय उचलून खाली बघितलं. मळक्या चादरी चादरीतच बांधून येतात हो! सव्वीस वर्षं ती वरची मी मोजलीच नाही. तरीच कपाटात कायम जास्तीच्या निघायच्या, आणि मी छाती फुगवून सांगायचो, ही माझी काटकसर! लाज वाटली, खरंच. अकरा वर्षं त्या बाईला चोर म्हणत होतो.

साहेब खुर्ची धरून हसले. मी म्हटलं, जातो इस्त्रीवर, शब्द दिलाय. तर सिस्टरच म्हणाल्या, "नको साहेब, चादरी जाळतील. इथेच राहू द्या."

राहिलो. आता रोज सकाळी सात गाठोडी येतात, आणि सात नंबरच्या गाठीत चिठ्ठी खोचलेली असते... "काका, ही पण चादरच." मी तक्त्यात एक वाढवतो. बेरीज मला येते हो. मोजता येत नाही, एवढंच.