बुरोंडीची लाइन

कॉम्प्युटरला मासळी कळते का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या टेलिफोन एक्स्चेंजात कॉम्प्युटर आला. कुठली लाइन बंद पडली ते तो पडद्यावर दाखवायचा. बुरोंडीची लाइन रोज दुपारी बंद पडायची आणि तासाभराने आपोआप चालू व्हायची. साहेबांना चैन पडेना. त्यांनी लाइनमन महादेवला विचारलं.

"तार खाली लोंबलीय, साहेब. बोटी किनाऱ्याला लागल्या की लोक तिच्यावर ओली जाळी वाळत टाकतात."

"आणि तू गप्प बसलास? उद्याच वर ओढून घे."

"घेतो. पण मग बोटी लागल्याचं कळणार कसं? तुमच्याकडे फडफडीत बांगडे आणतो, ते हा पडदा बघूनच निघतो ना मी."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं.

"घाई नको," म्हणाले. "पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की ओढ."