फोर्क आणि तीन काका

आमच्या बाळकुमच्या सुहासदादाने काय केलं माहितीये? भंगारातले लोखंडी चॅनल आणले आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडर बकेटला घरीच फोर्कलिफ्टसारखे दोन लांब फोर्क वेल्ड केले. बहिणीच्या नव्या घराच्या टाइल्स रचलेला लाकडी पॅलेट उचलायला गेला, तर ट्रॅक्टरची मागची चाकंच हवेत!

“मागे वजन पाहिजे,” म्हणत आमचे तिन्ही काका मागे चढून बसले. ट्रॅक्टर सरळ झाला. पॅलेट वर गेला, तेवढ्यात काकूने हाक मारली, “चहा झालाय!”

तिघंही उतरले.

टाइल्सचा चुरा.

आता दादाने मागे काँक्रीट भरलेला ड्रम बांधलाय. तरी पॅलेट उचलायचा म्हटलं की तिघं ड्रमवर हजर.

“अरे काका, उतरा, आता गरज नाही!”

“नुसत्या सिमेंटवर भरवसा नाय रे,” मोठे काका म्हणतात. “आणि चहा इथंच पाठवायला सांग.”