झरोक्यावरची पट्टी

नाव वर लिहिलंय. घरी मला मुकी म्हणतात, पण मला बोलता येतं. वय सतरा. काम, शिंप्याकडे काजं-बटणं करणे. आठवीत शाळा सोडली. राहणार छापखान्यामागच्या इमारतीत, तिसरा मजला, दादा-वहिनीकडे.

मी स्वतः पोलीस चौकीत हजर राहून हवालदार ताईंना सांगते की, वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी घरच्या दुरुस्त्यांचा वर्ग असतो. गळका नळ बंद करणे, ओल्या कचऱ्याचं खत, जुन्या चादरीच्या पिशव्या, असं शिकवतात. शिकवणाऱ्या बाईंच्या पर्समध्ये कायम पक्कड असते, म्हणून सगळे त्यांना पक्कड मावशी म्हणतात. मला वर्गात वहिनीने घातलं. म्हणाली, "जा गं, तिथे तोंड नाही, हात चालवायचे असतात."

थंडी वाढली तेव्हा मावशींनी खिडक्यांच्या फटी बुजवायला शिकवलं, म्हणजे हीटर कमी लावावा लागतो. फोमची पट्टी कोपऱ्यात तिरकी कापून जोडायची, वरून सिलिकॉन. पण बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर तिथला झरोका बुजवायचा नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो. मी घरच्या दोन्ही खिडक्या केल्या. झरोका सोडला. वहिनी म्हणाली, "बाई गं, घराला स्वेटर घातलास की."

दादाला आंघोळीला झरोक्यातून वारा लागायचा. रविवारी त्याने माझी उरलेली पट्टी आणि सिलिकॉन घेतलं आणि स्टुलावर चढला. मी म्हणाले, "दादा, तिथे नको, मावशी म्हणाल्या..." तो म्हणाला, "तुझ्या मावशीला म्हणावं, माझ्या पाठीशी येऊन उभी राहा, मग नाही लावत." वहिनी हसली. मीपण हसले. परत बोलले नाही.

सोमवारी काही झालं नाही. दादाची आंघोळ पटकन होते. मंगळवारी सकाळी वहिनीला केस धुवायचे होते. पाण्याचा आवाज येत होता म्हणून मला काही वाटलं नाही. मग मी हाक मारली. हळू मारली असेल म्हणून परत मारली. शेजारच्या काकांनी दार तोडलं. गिझर चालूच होता. वहिनीच्या केसांत साबण तसाच होता.

दादाने मावशींच्या नावाने तक्रार दिली, की वर्गात शिकवलं म्हणून बहिणीने झरोका बुजवला. काल मावशींना इथे बसवून ठेवलं होतं. दादाही इथेच होता. मी त्याचा डबा घेऊन आले तेव्हा मावशींनी मला विचारलं, "तू जेवलीस का?" आज दादा मला घेऊन आला. वाटेत म्हणाला, "तू काही बोलू नकोस. नुसती मान हलव. तेवढं जमतं ना तुला?"

झरोक्याची पट्टी मी लावलेली नाही. खिडक्यांवर माझे कोपरे तिरके जोडलेत. झरोक्यावर पट्टी एकावर एक चढवलीय. ती अजून तिथेच आहे. ताईंनी येऊन बघावं.

माझं दादाशी भांडण नाही. वहिनी गेल्यापासून त्याने डबा उघडलेला नाही.

वरचं सगळं ताईंनी मला वाचून दाखवलं. दादा बाहेरच्या बाकावर बसलाय म्हणून मी म्हणाले, जरा हळू वाचा. त्यांनी दार लोटून वाचलं. मी सांगितलं तसंच लिहिलंय, बरोबर आहे. मला घरी त्याच्याबरोबरच जायचंय.